शाईतले दात

डॉक्टर नेरूरकरांच्या दवाखान्याच्या मागल्या खोलीत एका फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असत. लोणची घातली असतील असं वाटून एखादा जवळ जाई आणि झटक्यात मागे येई. त्यांत माणसांचे दात होते. काही मिठाच्या पाण्यात, काही निळ्या शाईत. मालवणात बऱ्याच जणांना वाटे की डॉक्टर कसली तरी करणी-देवस्की करतात आणि त्यात त्यांना साथ आहे ती बाबलीशेट सोनाराच्या शेवंतीची.

शेवंती रेवणकर तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. लहानपणी आलेल्या तापात तिचा डावा पाय बारीक राहिला, तो राहिलाच. स्थळं यायची, चालताना बघायची आणि चहा पिऊन जायची. पुढे यायचीच थांबली, तेव्हा घरात सगळ्यांनाच थोडं हायसं वाटलं. ती बापाच्या बाजूला बसून काम करू लागली. नथीतले मोती तारेत ओवणं, तुटलेली साखळी डाग देऊन जोडणं, असलं डोळ्यांत तेल घालून करायचं काम बाबलीशेट तिच्यावर सोडत. सोनं कसाच्या दगडावर घासून त्याची रेघ कशी वाचायची, तेही तिला येत होतं. माणूस काय सांगतो ते ऐकायचं आणि दगड काय सांगतो ते मानायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं; बघून बघून अंगात उतरलं होतं.

डॉक्टर हरिश्चंद्र नेरूरकर मुंबईत वीस वर्षं दातांचे डॉक्टर होते. दम्यानं बेजार झाले, तेव्हा पंचावन्न साली गावी परत आले आणि बाजारपेठेत दवाखाना थाटला. वीज नव्हती. दात कोरायचं यंत्र पायानं शिवणयंत्रासारखं चालवायचं. एक दिवस ते बाबलीशेटांच्या दुकानात केसासारख्या बारीक सुया घेऊन आले. वाकल्या होत्या, धार गेली होती. मुंबईला पाठवाव्या तर महिना जाणार.

"ही सरळ करील," बाबलीशेट मुलीकडे बोट करून म्हणाले. "माझे डोळे आता त्या कामाचे नाय."

शेवंतीनं तीन दिवसांत सुया सरळ करून दिल्या. डॉक्टरांनी भिंग लावून एकेक पाहिली आणि महिन्याभरानं ते तिला दवाखान्यातच काम द्यायला आले.

गावात दात दुखला की काढायचा, एवढंच औषध लोकांना ठाऊक. डॉक्टरांचा त्याला विरोध. "काढायला दोन मिनिटं लागतात, शेवंतीबाई," ते म्हणत. "मग तो माणूस चाळीस वर्षं एका बाजूनं जेवतो." दाताच्या मुळात एक बारीक नळी असते, तिच्यात शीर असते. ती शीर सडली की माणूस लोळतो. डॉक्टर ती सडकी शीर त्या सुयांनी काढत, नळी आतून खरवडून साफ करत आणि मग टोकापर्यंत भरून टाकत. भरायला झाडाच्या चिकाच्या गुलाबी काड्या आणि त्यांच्याभोवती पांढरा लगदा. जस्ताची भुकटी लवंगेच्या तेलात काचेवर मळली की तो लगदा होई. मुळाच्या आत तो हळूहळू घट्ट बसे. सगळी मदार त्या लगद्यावर. तो नीट बसला तर दात जन्मभर राही. बसला नाही, फट राहिली, तर खालून ओल शिरे आणि चार-सहा महिन्यांनी मुळाशी पू होई.

म्हणून तपासणी. काढून टाकलेले दात लोक सोडून जात. शेवंती ते धुऊन मिठाच्या पाण्यात ठेवी. तेलाची किंवा भुकटीची नवी बाटली आली की तिच्यातला लगदा अशा पाच दातांच्या मुळांत भरायचा, मुळाचं टोक तेवढं उघडं ठेवून बाकीच्या दाताला मेण फासायचं आणि दात आठ दिवस शाईत बुडवून ठेवायचे. नवव्या दिवशी बाहेर काढून, धुऊन, धारेच्या दगडावर एकेक दात उभा घासत न्यायचा, अर्धा दात झिजून आतली नळी उघडी पडेपर्यंत. शाई टोकाशीच थांबली असेल तर माल खरा. आत चढली असेल तर बाटली फेकून द्यायची. खरी निघालेल्या बाटलीच्या गळ्याला शेवंती पांढरा दोरा बांधी. दोरा नसलेल्या बाटलीला डॉक्टर हात लावत नसत, आणि दोरा असला की दुसरं काही विचारत नसत.

अठ्ठावन्न सालच्या आश्विनात लवंगेच्या तेलाची सातवी बाटली आली. त्याच आठवड्यात बाबलीशेटांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला न्यायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी. घरात बोचकी बांधायची होती, दुकानातलं लोकांचं सोनं ज्याचं त्याला पोचवायचं होतं, आणि जुन्या बाटलीत तर दोन दिवसांपुरतंच तेल उरलं होतं. आठ दिवस कुठून आणणार? आधीच्या सहाही बाटल्या खऱ्या निघाल्या होत्या. व्यापारी तोच, बाटली तशीच, बूच तसंच. संध्याकाळी निघता निघता तिनं दोऱ्याचा तुकडा तोडला, सातव्या बाटलीच्या गळ्याला गाठ मारली आणि कपाट लावून घेतलं.

मिरजेत बावीस दिवस गेले. बापाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. तो विचारी, "शेवंती, उजाडला काय गो?" आणि ती सांगे. बाकी वेळ खाटेशेजारी बसून राहायचं. रिकाम्या हाताला ती गाठ आठवू लागली. पहिल्या आठवड्यात तिनं स्वतःला समजावलं, की काही होत नाही. दुसऱ्या आठवड्यात ती मनात मोजू लागली, आज सोमवार, आज डॉक्टर कुणाच्या तरी मुळात ते तेल भरत असतील. तिसऱ्या आठवड्यात तिला जेवण जाईना. बाबलीशेटांना वाटलं, पोर आपल्या काळजीनं झिजली.

मालवणात परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आधी दवाखान्यातलं कपाट उघडलं. बाटली अर्ध्याच्या खाली गेली होती.

त्याच दिवशी तिनं पाच दात भरले आणि शाईत सोडले. डॉक्टरांनी बरणी पाहिली.

"हे कसले?"

"असेच. पुन्हा एकदा बघते," ती म्हणाली. डॉक्टर मान हलवून पेशंटकडे गेले. त्या आठ दिवसांत त्यांनी आणखी दोघांचे दात भरले. दोन्ही वेळा लगदा तिनंच मळून दिला. पहिल्यांदा वाटलं, आत्ता सांगावं. पण खुर्चीतला माणूस तोंड उघडून बसला होता आणि डॉक्टरांनी हात पुढे केला होता. शिवाय, माल खरा निघाला तर उगाच कशाला? दुसऱ्यांदा तर तिनं बोलायला तोंडही उघडलं, आणि "कापूस देऊ?" एवढंच विचारलं. त्या दोघांची तोंडं पुढं कित्येक वर्षं तिच्या डोळ्यांसमोरून हलली नाहीत.

नवव्या दिवशी ती तासभर आधी आली. दगडावर पाणी शिंपडून पहिला दात घासायला घेतला. दात झिजत जातो तेव्हा बारीक खरखर होते. एरवी तो आवाज तिला आवडायचा. नळी उघडी पडली. निळी रेघ टोकापासून निघून मुळाच्या मध्यापर्यंत चढली होती. तिनं दात खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि दुसरा घेतला. तोही तसाच. तिसरा, चौथा तसेच. पाचव्यात शाई वरपर्यंत गेली होती, आणि सुई टोचली तर लगदा आत लोण्यासारखा मऊ लागला.

मग तिनं पेल्यात पाणी घेऊन सातव्या बाटलीतल्या तेलाचे चार थेंब सोडले. लवंगेचं खरं तेल पाण्यात बुडतं. जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेला थेंब सोडला तर तो सरळ खाली गेला. नव्याचे दोन थेंब वरच तरंगत राहिले, उरलेले मध्येच लोंबकळले. कुणीतरी त्यात दुसरं हलकं तेल मिसळलं होतं. हे बघायला तिला त्या संध्याकाळी एक मिनिट पुरलं असतं.

डॉक्टर आले तेव्हा ती पेला समोर घेऊन उभी होती. पाचही दात कागदावर ओळीनं ठेवले होते.

"डॉक्टर, ही बाटली खोटी आहे."

त्यांनी चष्मा लावला. दात पाहिले, पेला उजेडात धरून पाहिला. मग बाटली उचलली आणि तिच्या गळ्याकडे बघत राहिले.

"दोरा तुम्ही बांधलात."

"हो."

"न तपासता."

"हो."

बाहेरच्या बाकावर कुणीतरी खोकलं. डॉक्टर बेसिनपाशी गेले आणि हात धुऊ लागले. हात स्वच्छच होते, तरी ते बराच वेळ धूत राहिले. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"किती जण?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

तिनं वही आणली. मिरजेला गेल्यापासून आजपर्यंत अकरा.

"यातले शेवटचे दोन तुम्हाला संशय आल्यावरचे," ते म्हणाले. ते तिच्या ध्यानात आलं नसेल असं नव्हतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं. "ठीक. सगळ्यांना बोलवायचं. मुळं पुन्हा उघडायची. कारण काय ते मी सांगीन, तुम्ही काही बोलायचं नाही."

वेंगुर्ल्याच्या एका डॉक्टरांकडून तेलाची बाटली मागवली. थेंब पाण्यात बुडाला. तरी तिनं पाच दात शाईत ठेवले. आता आठ दिवसांच्या आत दोरा बांधायला तिचा हात धजला नसता. तोवर चिठ्ठ्या गेल्या, आणि चिठ्ठीला न येणाऱ्यांच्या घरी ती स्वतः गेली. लंगडत, उन्हातून. लोकांना ती काय म्हणते तेच कळेना. दुखत नसलेला दात पुन्हा उकरायचा?

वाण्याच्या घरातल्या नर्मदेनं दार उघडलं तेव्हा तिचा गाल सुजलेला होता.

"तुका कोणी सांगल्यान?" नर्मदा म्हणाली. "कालपासून ठणकता. घोव म्हणता, काढून टाक आणि मोकळी हो. हीच दात राखूची हौस भोवली."

त्या दिवशी नर्मदेचा दात काढावाच लागला. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, "औषध तपासायचं माझ्याकडून राहिलं. चूक माझी." शेवंती मागच्या खोलीत उभी राहून ऐकत होती. नवरा जाताना काय बोलला ते सगळ्या बाजारानं ऐकलं. नंतरचे चार दिवस दवाखान्याच्या बाकावर कुणी बसलं नाही. डॉक्टर वर्तमानपत्र वाचत राहिले. आपलं नाव त्यांनी झाकलं हे शेवंतीला उपकारासारखं न वाटता ओझ्यासारखं वाटू लागलं.

अकरांतला एक तिला अजून भेटलाच नव्हता, सत्यवान तांडेल. देवबागचा, परदेशी जहाजावर खलाशी. सुट्टीवर आला असताना त्यानं सुळ्यामागची खालची दाढ भरून घेतली होती. दोन चिठ्ठ्या पाठवूनही तो आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या वाडीतला एक माणूस दवाखान्यात सांगून गेला, की सत्यवानाला कंपनीची तार आलीय आणि तो आजच्याच आगबोटीनं मुंबईला निघाला.

शेवंती ताडकन उठली. त्याच्या जहाजावर डॉक्टर नसतो, हे त्यानंच गप्पांत सांगितलं होतं. एकेका फेरीत वीस-वीस दिवस जमीन दिसत नाही. भर समुद्रात मुळाशी पू झाला, सूज गळ्यात उतरली, तर माणूस जातो. डॉक्टरांनी मुंबईत असा एक गेलेला पाहिला होता.

"वेंगुर्ल्याच्या तेलाचे दात?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज पाचवा दिवस."

"काढा दोन."

तिनं दोन दात शाईतून काढले आणि घासले. इतक्या घाईनं तिनं दगड कधी चालवला नव्हता. बोटाची कातडी सोलली ते नंतर कळलं. दोन्हीत शाई टोकाशीच थांबली होती.

"पाच दिवसच झालेत, डॉक्टर. आठ नाहीत."

"दिसतंय मला. पेटी भरा."

बंदरावर गर्दी होती. वेंगुर्ल्याहून येणारी आगबोट अजून दिसत नव्हती, उशीर होता. बंदराच्या शेडमध्ये सत्यवान आपल्या ट्रंकेवर बसून विडी ओढत होता. शेजारी बायको तुळसा उभी होती, ओल्या डोळ्यांची.

"डॉक्टर, तुम्ही पोचवूक इलास?" तो हसून उठला.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं की दाढ पुन्हा उघडून भरायला हवी, आत्ताच, इथंच.

"दुखणा नाय तर उघडतास कित्याक? बोटीची वेळ झाली."

"औषधात दोष होता. माझ्याकडून—"

"नाय," शेवंती मध्येच म्हणाली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, पण ती थांबली नाही. "चूक डॉक्टरांची नाय, माझी आसा. तेलाची बाटली मी तपासून बघूची होती. बघलंय नाय, आणि बघलंय म्हणान दोरो बांधलंय. ता तेल खोटा होता. तुझ्या दाढेत ताच आसा." "आज दुखणा नाय. बोटीर दुखूक लागला तर थंय तुका कोण बघतलो? वाण्याची नर्मदा एका म्हयन्यात सुजली."

दोन हमाल ओझी डोक्यावर तशीच ठेवून ऐकत उभे राहिले. सत्यवानानं तिच्या सोललेल्या बोटाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"तू काय म्हणतस?" त्यानं विचारलं.

"बस खाली," तुळसा म्हणाली.

तो ट्रंकेवर बसला. चहावाल्याच्या चुलीवर शेवंतीनं सुया उकळल्या. तुळसा नवऱ्याच्या मागे उभी राहिली आणि त्याचं डोकं तिनं आपल्या पोटाशी घट्ट धरून ठेवलं. डॉक्टरांनी गुडघे टेकून वरचं सिमेंट फोडलं, गुलाबी काडी ओढून काढली. काडीला लागलेला लगदा ओलाच होता. तो त्यांनी तिला दाखवला. पायाचं यंत्र नव्हतंच, सगळं हातानं. नळी खरवडायची, मिठाच्या पाण्यानं धुवायची, कापसाच्या वातीनं टिपायची, पुन्हा खरवडायची. शेवंती एकेक सुई पुसून पुढे करत होती आणि दर वेळी समुद्राकडे बघत होती.

क्षितिजावर धूर दिसला. मग नळकांडं. आगबोट बाहेर नांगरून भोंगा देऊ लागली, तेव्हा नळी पुरती सुकली नव्हती. उतारूंना बोटीपर्यंत नेणाऱ्या होड्यांतला पहिला पडाव निघाला. दुसरा भरू लागला.

"लगदा," डॉक्टर म्हणाले.

तिनं काच मांडीवर धरून तो मळला. कोपर बरगडीला दाबून धरलं, नथ ओवताना धरायची तसं. लगदा फार पातळ झाला तर बसणार नाही, फार घट्ट झाला तर टोकापर्यंत जाणार नाही. पात्यानं उचलला तेव्हा त्याची तार इंचभर निघाली आणि तुटली. बरोबर होता. डॉक्टरांनी तो भरला, काडी बसवली, वर सिमेंट दाबलं.

"चार तास या बाजूनं काही खायचं नाही. मुंबईत माझ्या मित्राला दाखव, ही चिठ्ठी."

सत्यवानानं मान हलवली. तोंडात कापूस होता. शेवटचा पडाव सुटत होता. कुणीतरी त्याची ट्रंक उचलली, तो धावत गेला आणि उडी मारून चढला. तुळसा पाण्याच्या कडेपर्यंत गेली. शेवंती चहावाल्याच्या बाकावर बसली आणि सुया पुसून पेटीत ठेवू लागली.

परतताना डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बोलायला नको होतं. आता लोक तुमच्याबद्दल बोलतील."

"बोलू देत," ती म्हणाली. आणि लोक बोललेही. पण ज्या तिघांनी चिठ्ठ्या फेकून दिल्या होत्या ते तिघेही त्याच आठवड्यात आपणहून दवाखान्यात आले.

दहा जणांची मुळं पुन्हा भरली गेली. त्यातली नऊ मालवणात होती, डोळ्यांसमोर होती, त्यांना रस्त्यात अडवून विचारता येई. सत्यवानाचं काहीच कळेना. चिठ्ठी घेऊन तो मुंबईतल्या मित्राकडे गेलाच नव्हता. तो मुंबईला पोचला त्याच दिवशी त्याचं जहाज सुटलं होतं. ओल्या नळीत भरलेला लगदा, पाच दिवसांची तपासणी. शेवंती दर बाजारच्या दिवशी तुळसाला गाठे.

"पत्र इला?"

"इला. बसऱ्याच्या बंदरात होतो म्हणान लिवल्यान."

"दाढेचा काय?"

"काय एक लिवणा नाय गो. घराची कौलां बदल म्हणता."

पुढे तीन महिने पत्रच आलं नाही, तेव्हा दोघी एकमेकींना चुकवू लागल्या. तुळसेला तिचा प्रश्न नको होता, शेवंतीला तिचं उत्तर. बाबलीशेटांना आता चांगलं दिसत होतं. ते मुलीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघत.

सत्यवान चौदा महिन्यांनी आला. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना गाल धरून चढला. शेवंती हातातली ताटली ठेवून पुढे आली.

"खंयची?" तिनं विचारलं.

"वरची गो. उजवी."

डॉक्टरांनी आधी खालची दाढ ठोकून, दाबून, हिरडी चाचपून पाहिली. मग सत्यवानाच्या नकळत तिच्याकडे बघून, दाढ पक्की आहे अशी मान डोलावली. ती मागल्या खोलीत गेली आणि थोडा वेळ तिथंच बरण्यांकडे तोंड करून उभी राहिली. सत्यवान बाहेरून विचारत होता, आज काय फळीर बसवन ठेवतलास काय माका. बंदरावरची ती सगळी धावपळ त्याला अर्धीमुर्धीच आठवत होती.

त्यानंतर शेवंतीच्या हातून न तपासलेली बाटली कधी पुढे गेली नाही, पण काळजीही कधी गेली नाही. दोरा बांधून झाल्यावर ती दोनदा परत येऊन वही उघडून बघे. डॉक्टरांनी एकदा म्हटलंही, "इतकं भिऊन कसं चालेल?" ती म्हणाली, "भीती गेली तर मी पुन्हा तसंच करीन."

चौसष्ट साली सावित्री नावाची नऊ वर्षांची मुलगी आली. झाडावरून पडून तिचा पुढचा दात मोडला होता आणि आतली शीर मेली होती. लहान वयात मुळाचं टोक पुरतं तयार झालेलं नसतं. नळी खाली बंद होण्याऐवजी तोंड वासून असते. लगदा भरला तर तो सरळ हाडात उतरणार. डॉक्टरांच्या एका मासिकात आलं होतं, की अशा मुळात शुद्ध चुना भरून ठेवला तर शरीर स्वतःच टोक बांधून काढतं. खात्री कुणी देत नव्हतं.

मुंबईहून चुन्याची बाटली आली. हवा लागली की चुना मरतो हे किनाऱ्यावर पान खाणाऱ्या कुणालाही माहीत. शेवंतीनं हळदीचं पाणी केलं आणि चिमूटभर बाटलीतला चुना त्यात टाकला. हळद जेमतेम नारिंगी झाली. शेजारच्या पेल्यात तिनं भट्टीवरून आणलेला शिंपल्यांचा ताजा चुना टाकला. तो लालभडक झाला. भट्टीच्या चुन्यात रेती होती, तो तोंडात घालायच्या लायकीचा नव्हता. पण मुंबईची बाटली मेलेली होती हे त्यानं दाखवून दिलं. दुसरी बाटली मेणानं बूच बंद करून मागवली. तिच्यातल्या चुन्यानं हळद लाल झाली. तरी तिनं आणखी दोन दिवस, दर सकाळी, पुन्हा बघितलं.

चुना भरला. दर दोन महिन्यांनी तो बदलायचा. सावित्रीची आई दर वेळी विचारी, "होतला मां?" आणि शेवंती म्हणे, "बघूया." याहून जास्त ती एकदाही बोलली नाही. अकरा महिन्यांनी सावित्रीला दाताचा एक्स-रे फोटो काढायला कोल्हापूरला नेलं. फोटो आला त्या दिवशी डॉक्टरांचा दमा वाढला होता. ते खुर्चीत धापा टाकत बसले होते. तिनंच तो खिडकीशी धरला. मुळाच्या टोकाशी, जिथं आधी काळी पोकळी होती, तिथं नखाएवढीही नव्हे, पण एक पांढरी कडा आडवी धरली होती.

तिनं फोटो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. डाग तर नाही ना म्हणून पदरानं पुसला. मग भिंग आणून डॉक्टरांच्या हातात दिलं.

"तुम्ही बघा."

त्यांनी खूप वेळ पाहिलं. "धरलंय," ते म्हणाले.

सावित्रीची आई दारात उभी होती. शेवंती तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "बरा दिसता. पण सहा म्हयन्यांनी परत घेवन ये. विसरू नको."